बदली

सरकारी दवाखाना, सोलापूर
६ डिसेंबर १९७४

मल्लप्पास,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे काही लिहीत नाही. नमस्काराला दोन हात लागतात आणि माझा उजवा तू मोडून ठेवला आहेस. जन्मापासून तुला 'अहो अण्णा' म्हणत आलो. आजपासून 'तू'. थोरल्या भावाने धाकट्याची बोटं ठेचली की मानपान संपतात.

हे डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बिगारीतल्या पोरासारखं येतंय. तुला वाचायला जड जाईल, जाऊ दे. तू कुठे लपला आहेस ते मला माहीत नाही. वहिनीला माहीत आहे, पण ती सांगत नाही. काल डबा घेऊन आली आणि म्हणाली, चार ओळी लिहा, पोचवायचं मी बघते. तिला लिहिता येत नाही आणि पेठेतल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं तर फौजदाराच्या कानावर जाईल. म्हणून ज्याचा हात मोडला त्याच्याकडूनच खुशाली लिहून घ्यायची. तुझ्या बायकोच्या छातीचं कौतुक आहे.

तर घे खुशाली. मनगट प्लास्टरमध्ये आहे. तळव्यातून काच काढली. कापड विणायच्या साच्यावरच्या कामाची वेळ मोजायला गिरणीने दिलेलं घड्याळ माझ्या मुठीत होतं. तू मूठ साच्याच्या बिडाच्या चौकटीवर दाबून धरलीस आणि वरून लाकडी दांडा घातलास. पहिल्या घावाला घड्याळ फुटलं, दुसऱ्याला बोटं. डॉक्टर म्हणतात, दोन बोटं पुन्हा मिटणार नाहीत.

घाव घालण्याआधी तू एवढंच बोललास, "ह्याच हातानं लिवलंस न्हवं?" व्हय, ह्याच हाताने. पण काय लिहिलं ते तरी विचारायचं होतंस.

मुंबईत वर्षभर वर्क स्टडी, म्हणजे कामाची मोजणी आणि आखणी, शिकलो ते तुमच्या मानेवर बसायला नाही. आमचे सर पहिल्या दिवसापासून सांगत, कामगाराच्या मागे उभे राहू नका, मागे मुकादम उभा असतो, तुम्ही शेजारी उभे राहा. मी तुझ्या शेजारी उभा राहिलो होतो, आठव. एका माणसाकडे दोनाऐवजी चार साचे द्यायचे हे मालकांनी मी यायच्या आधीच ठरवलं होतं. ते माझ्या बापाच्यानेही थांबलं नसतं. पण मी ऑफिसात घसा फोडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. जो साचेवाला जादा ठरेल त्याला काढायचं नाही, दुसऱ्या खात्यात घ्यायचं आणि पगार तोच ठेवायचा. शिवाय नोटीस इंग्रजीत न लावता मराठीत लावायची, म्हणजे साच्यावरच्या माणसाला ती वाचता येईल. तू ती वाचलीस आणि पट्टे उतरवून साचे बंद केलेस.

सगळे साचे थांबल्यावर खातं इतकं गप्प होतं हे मला माहीत नव्हतं. मग साच्यांतले सूत गुंडाळलेले लाकडी धोटे हवेत उडायला लागले. कुणीतरी कापसाचा पेटता बोळा माझ्या केबिनमध्ये टाकला आणि धूर झाला. दार जवळ होतं. पण मी दाराकडे पळालो नाही, तुझ्या साच्याकडे पळालो. अण्णाजवळ गेलं की आपल्याला कोण हात लावतंय, असं वाटलं होतं.

तू तिसरा घाव घालणार होतास. तेवढ्यात दाराकडून ऑफिसातल्या रावजी शिपायाची किंकाळी आली. तू वळून बघितलंस, माझं मनगट सोडलंस आणि धुरात गेलास. कुणीतरी भिरकावलेल्या धोट्याचं पोलादी टोक रावजीच्या कपाळात घुसलं होतं. तो माझ्या समोरच्या खाटेवर आहे आणि अजून शुद्धीवर नाही. त्याने काय केलं होतं? माझ्या नोटिसीला खळ लावून ती भिंतीवर चिकटवली होती.

उठून बसता आलं की फौजदाराला तुझं नाव सांगणार आहे. वहिनीला हे वाचून दाखवलेलं नाही.

गुरुसिद्धप्पा


शुक्रवार पेठ
१९ डिसेंबर १९७४

मल्लप्पास,

रावजी गेला. त्याच्या म्हातारीने वॉर्डात जमिनीवर डोकं आपटून घेतलं, तिला दोघा नर्सनी धरलं. मला त्याच दिवशी घरी सोडलं. घरी म्हणजे तुझ्याच घरी. दुसरं घर मला कुठलं?

आता नीट वाच. खुनाचा गुन्हा नोंदलाय आणि त्यात तुझं नाव आहे. साचे मल्लप्पाने बंद केले, पहिला दांडा मल्लप्पाने उचलला, मग धोटाही त्यानेच मारला असणार, असा हिशेब. मुकादमाने डोळ्यांनी पाहिल्याचा जबाबही दिलाय. त्या धुरात त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. तू पळालास, त्यामुळे सगळ्यांना ते खरं वाटतंय.

धोटा तू मारला नाहीस हे मला माहीत आहे. रावजी ओरडला तेव्हा माझं मनगट तुझ्या मुठीत होतं. हे दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. दवाखान्यात वाटत होतं, तुझा सूड घ्यायला मला बोलावं लागेल. आता कळलं की नुसतं गप्प बसायचं आहे. तोंड उघडलं तर भावाचा हात मोडला म्हणून काही वर्षं आत जाशील. तोंड मिटलं तर फासावर.

हा विचार मला आवडतो, हे तुला सांगून ठेवतो. भाकरी एका हाताने तुटत नाही आणि वहिनी ती कुस्करून पुढे ठेवते, तेव्हा तर फारच आवडतो. दोरीचा फासही मनात बघून झाला.

वहिनीला यातलं काही ठाऊक नाही. ती रोज माझी मनधरणी करते. माझ्या हातावरून तुझं नाव निघालं की खुनाचा आळ आणखी पक्का होईल, असं तिच्या डोक्यात बसलंय. "भावजी, हात साच्यात घावला म्हना. त्यांचं नाव तेवढं घिऊ नका," म्हणते. काल पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतला नाही आणि खरं काय तेही सांगितलं नाही. बघू म्हणालो.

तू तिच्या भावाच्या हाती उसाची मोळी पाठवलीस. म्हणजे त्याच्याबरोबर श्रीपूरकडे ऊसतोडीच्या टोळीत शिरला आहेस, एवढं मला कळतं. ज्याच्या हाताचा चेंदा केला त्याला ऊस पाठवायचा! एका हाताने ऊस कसा सोलायचा, तेही कळव. मी मोळी भिंतीवर फेकली. पाण्याचा डेरा फुटला, घरभर पाणी झालं. वहिनीने खापरं वेचली, पाणी पुसलं आणि विळी घेऊन ऊस सोलायला बसली. कांड्या ताटलीत ठेवल्या. मी ताटलीकडे पाहिलं नाही. ती नळावर गेल्यावर खाल्ल्या.

गुरुसिद्धप्पा


शुक्रवार पेठ
४ जानेवारी १९७५

मल्लप्पास,

काल मॅनेजरसाहेबांनी बोलावून चहा पाजला. डाव्या हाताने कप धरताना बशीत सांडला, तर त्यांनी स्वतः पुसला. मग मुद्द्यावर आले. मुकादमाचा एकट्याचा जबाब लंगडा पडतो. धोटा मल्लप्पाने मारला हे सख्ख्या भावाने सांगितलं तर खटला पायावर उभा राहील. आणि खातं कायमचं गप्प होईल, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

बदल्यात मला पुन्हा मुंबईला पाठवणार आहेत. घड्याळ घेऊन उभं राहायचे दिवस संपले, म्हणाले. आता मोठ्या कंपन्यांत कॉम्प्युटर येतायत आणि सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट नावाचा नवा माणूस लागतोय. खात्याला काय हवं ते ऑफिसला समजावणारा आणि ऑफिसला काय हवं ते खात्याला समजावणारा. त्याचं शिक्षण गिरणी देणार. अण्णा, मला हे शिकायचंच होतं. मुंबईत असताना सर त्याच्याबद्दल बोलले त्या दिवसापासून डोक्यात आहे. माझा चेहरा साहेबांना वाचता आला असणार. विचार करून सांगतो म्हणालो.

घरी आलो. वहिनी भाकऱ्या थापत होती. एकाएकी तिने विचारलं, "त्या नोटिशीत लिवलं काय व्हतं, भावजी? एवढं पेटायला?" आजवर तिने हे विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मला ती तोंडपाठ आहे. म्हणून दाखवली. 'जादा ठरणाऱ्या साचेवाल्यांची इतर खात्यांत बदली करण्यात येईल.'

तिचे हात परातीत थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, माणसाला बदली करणार म्हणून भिंतीवर लावता आणि वर तो चिडला म्हणता? मी म्हटलं, यात चिडण्यासारखं काय आहे? वेळापूरच्या मास्तरची अक्कलकोटला बदली होते तशी. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात.

"मास्तरची बदली व्हती, भावजी," ती म्हणाली. "साचेवाल्याला बदली करत्यात."

मी डाव्या हाताने करपलेली भाकरी तव्यावरून खाली ओढली.

मुंबईत आणि ऑफिसात हा शब्द मी रोज ऐकत होतो. साहेबांची बदली, कारकुनाची बदली. आपल्या घरातली बदली कोणती, ते जिभेवरूनच गेलं. बदली म्हणजे आपले वडील, अप्पा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आला तर घरी परत. केस पिकले तरी अप्पा बदलीच राहिले. काम मिळालं नाही त्या दिवशी फडक्यात बांधलेली भाकरी तशीच परत यायची आणि अप्पा ती मला द्यायचे. मला ती गोड लागायची. घामेजलेली, मीठमिरचीची. बदलीची मला आठवते ती ही भाकरी. तू त्यांच्याबरोबर गेटपर्यंत जायचास. मुकादम दुसऱ्याच्या छातीला बोट लावायचा आणि अप्पा मान खाली घालून वळायचे, ते तू बघितलंस. त्याच गेटात गर्दीत चेंगरून त्यांच्या बरगड्या मोडल्या आणि ते गेले. तेही तूच खांद्यावर घालून आणलंस.

आणि तुझ्या भिंतीवर, तुझ्याच भावाच्या सहीने लागलं की आता तुम्ही सगळे बदली.

यावरून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. एक शब्द विचारला असतास तर माझी बोटं आणि रावजीचा जीव, दोन्ही वाचलं असतं. मी तुझ्या डोळ्यांसमोर होतो. तुला दांडा आधी सापडला.

गुरुसिद्धप्पा


शुक्रवार पेठ
१७ जानेवारी १९७५

अण्णा,

संक्रांतीच्या यात्रेतली नंदीध्वजाच्या काठ्यांची मिरवणूक झाली. दर वर्षी तू पेलतोस त्या काठीला यंदा दुसराच माणूस होता. कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं. गर्दीत दोघे साचेवाले माझ्या अंगावर धावून आले, एकाने प्लास्टर धरून पिरगाळलं. लोकांनी सोडवलं. आणखी एकदा मोडायला त्या हातात काही उरलेलं नाही, म्हणून बचावलो.

त्याआधी मी ऑफिसात जाऊन आलो होतो. साहेबांना म्हटलं, नोटिसीतला शब्द चुकलाय, तिथे 'खातं बदलेल, नोकरी कायम राहील' असं लावू या, अजूनही माणसं शांत होतील. साहेब म्हणाले, आता शब्द बदलला तर चूक आपली ठरते. शब्द राहू दे, थोडी भीती बरी असते. तू जबाबाचं बोल. मी म्हटलं, मग जबाबाचंच बोलतो. रावजी ओरडला तेव्हा माझा भाऊ माझा हात मोडत होता, हे मी लिहून देणार आहे. साहेबांनी चहा मागवला नाही. मुंबईचं शिक्षण आता दुसऱ्याला. मला सोमवारपासून गेट बंद. म्हणजे अण्णा, मी आता बदलीसुद्धा नाही.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. मी गप्प राहिलो असतो तर तू लटकला असतास, आणि ती माझ्या पाया पडून तेच मागत होती, आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. उठली, आणि माझ्या थोबाडीत मारली. कानात दडा बसला. "मला पायावर लोळवलंस व्हय रं?" म्हणाली. भावजी नाही, अहोजाहो नाही. दुसरीही मारली. मी हात वर केला नाही. मग ती चुलीपुढे बसून लुगड्याच्या पदरात तोंड घालून रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, चला चौकीत.

जबाब लिहिणारा हवालदार घाईत होता. मी सांगायचं एक, तो लिहायचा दुसरं. 'झटापटीत इजा झाली' लिहिलं. मी म्हटलं, झटापट नाही, भावाने हात धरून मोडला, असंच लिहा. तो चिडला. मीही चिडलो. पोलीस ठाण्यात मी टेबलावर डावी मूठ आपटली, मला बाहेर घालवलं, वहिनीने हातापाया पडून पुन्हा आत नेलं. शेवटी त्याने लिहिलेला प्रत्येक शब्द मी मोठ्याने वाचून वहिनीला ऐकवला. तिला काय कळलं ते विचारलं. तिने बरोबर सांगितलं, तेव्हा सही केली. आमच्या शिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. वेळ कशी मोजायची, तक्ता कसा करायचा, अहवाल कसा लिहायचा, सगळं होतं. लिहिलेलं ज्याच्या पोटावर येणार त्याला आधी वाचून दाखवायचं, हे नव्हतं. आता ते कळून उपयोग नाही, माझी नोकरी गेली.

मी तुझं नाव घेतलं आहे. माझा हात तूच मोडलास. सहीनिशी.

गुरुसिद्धप्पा


शुक्रवार पेठ
२ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप अण्णा यांस,

गुरुसिद्धप्पाचा एका हाताचा नमस्कार.

वहिनीचा भाऊ काल श्रीपूरहून आला. तुम्ही माझं मागचं पत्र वाचलंत आणि फाडून उसाच्या पाचटात पेटवलंत, असं सांगत होता. भावाने शेवटी पोलिसांत नाव दिलंच, म्हणालात आणि कोयता घेऊन फडात गेलात. बोलला नाहीत की जेवला नाहीत. अण्णा, तुम्ही पुन्हा अर्धंच वाचलंत. राग आला की तुमचे डोळे एका शब्दावर थांबतात, पुढचं दिसत नाही. माझंही तसंच आहे. एकाच आईचं दूध.

म्हणून हे पत्र मी वहिनीला वाचून दाखवत लिहितोय, ओळ न ओळ. तिला कळलं नाही ते खोडतोय.

फौजदार म्हणतात, एकट्या भावाचा जबाब कोर्टात टिकणार नाही. वकील म्हणेल, रक्ताच्या नात्याने वाचवतोय. तुम्ही समोर येऊन 'व्हय, मी हात मोडला, रावजी ओरडला तेव्हा भावाचं मनगट माझ्या मुठीत होतं, आणि ओरडणं ऐकून मी वळलो' एवढं सांगितलंत, आणि दोघांचं जुळलं, तरच खुनाचं कलम हलेल. हात मोडल्याची शिक्षा तुम्हाला होईल. व्हायलाच हवी. ती माफ करा असं मी कुणाला सांगणार नाही. ही दोन बोटं रोज सकाळी मिटायला बघतात आणि मिटत नाहीत. पण बोटांची शिक्षा बोटांपुरती. रावजीच्या जिवाची शिक्षा तुमच्या मानेला मी होऊ देणार नाही.

तुम्ही आला नाहीत तर मुकादम खरा ठरेल आणि मी खोटा. तुम्ही कायमचे खुनी व्हाल आणि फडातच कधीतरी बेड्या पडतील. इतकं साधं आहे.

रावजीच्या म्हातारीकडे वहिनी जाऊन आली. तिने दारात उभं केलं नाही. वहिनी उंबऱ्यावर शेर ज्वारी ठेवून आली. म्हातारीने ती रस्त्यावर उधळली. वहिनी म्हणते, उद्या पुन्हा जाईन.

शेवटी मी लिहिलं होतं, 'पत्र मिळताच चौकीत हजर व्हा.' वहिनीने ते खोडायला लावलं. म्हणाली, हजर व्हा हा गेटवरचा शब्द आहे, चौकीतला आहे, तो वाचून तुमचे अण्णा आणखी लांब पळतील. मी विचारलं, मग काय लिहू?

"या म्हना," ती म्हणाली. "घरच्या माणसाला या म्हनत्यात."

भाकरी घरी खाऊ. मग आपण दोघं चौकीत चालत जाऊ, मी तुमच्या शेजारी असेन.

अण्णा, या.

गुरुसिद्धप्पा